सहाव्या दिवसाची कमान

खानीचा कॅम्प, वर्धेचा काठ
९ नोव्हेंबर १९५७

भाई लटारू,

सलाम. रंभाले दुवा. हे पत्र मास्तराकडून वाचून घेऊ नको, तूच वाच. चौथी पास झाला ते कोनत्या दिवसासाठी?

इथी मोठं काम लागलं आहे. खानीतून निघालेला कोळसा ढीग करून ठेवतेत, अन् मंग मानसं टोपल्यांनी तो रेल्वेच्या वाघिनीत भरतेत. आता त्या ढिगाच्या पोटाखालून बोगदा न्याचा आहे. जमिनीवरच काँक्रीटची कमान उभी कराची, बैलगाडीच्या टपासारखी, एकशे ऐंशी फूट लांब. आत मानूस सरळ उभा चालन इतकी उंच. तिच्यावर कोळसा ओताचा, दोन मजली घराएवढा. कमानीच्या माथ्याले भोकं ठेवली आहेत. त्यातून कोळसा खाली सरकत्या पट्ट्यावर पडन, अन् पट्टा त्याले वाघिनीपर्यंत नेईन.

कागदावर साऱ्यांनी लोखंड अन् सिमेंटच लिहिलं आहे, मगर कमान उभी राह्यते लाकडावर. काँक्रीट म्हंजे ओला चिखल. तो पकेपर्यंत त्याले खालून सागाच्या साच्यानं धरून ठेवाचं. साचा टेकूवर अन् टेकू पाचरींवर. पकला का पाचरी ठोकून काढाच्या. साचा दोन बोटं खाली बसते, त्याले समोर सरकवाचा, अन् पुढचा दहा फुटाचा खन भराचा. पाचरी दोन्ही बाजूनं एकाच तालात निघाल्या पायजे. म्हून तुले बोलावून राह्यलो. मूल गावच्या पुलावर संगं काम केलं तेव्हापासून माझ्या हाताले तुझ्या हाताची सवय आहे. इथले सुतार चांगले आहेत, मगर त्यांचा ताल मले समजत नाई.

धान कापून झालं का ये. येताना एक समजदार मानूस आन. साच्याच्या आत शिरून फळ्या धराले अंगानं हलका पायजे.

तुझा
इब्राहीम मिस्त्री

*

पोंभुर्ण्याजवळून
२४ नोव्हेंबर १९५७

इब्राहीमभाऊले लटारूचा रामराम.

पत्र मीच वाचलं. दोनदा वाचलं. धान अर्धं कापून झालं आहे. पंधरा दिवसात निघतो. रंभाले दिवस गेले आहेत, मगर तिची माय येऊन राह्यली, काळजी नाई.

मानूस भेटला. सुकलू त्याचं नाव, धानोऱ्याच्या पलीकडचा गोंड. दरसाल आमच्याकडं कापनीले येते. तिशीचा असन. बायको देवीच्या साथीत गेली, घरी एक बुढी माय. मराठी सारी समजते, बोलाले लाजते. मगर लाकडावर नुसता हात फिरवून सांगते का हे कुठी फाटन. आमच्या गोठ्याचा आढा त्यानं असाच पाह्यला अन् म्हटला, 'बदला.' मी नाई बदलला. पंधरा दिवसात मोडला.

त्याची माय त्याले लांब सोडत नव्हती. मी तिले निरोप धाडला का होळीच्या आत तुझा लेक तुझ्या दारात. तेव्हा कुठी ती कबूल झाली.

कनीजभाभीले नमस्कार. नजमा आता कितवीत?

तुमचा
लटारू

*

चांदा, घुटकाळा मोहल्ला
३ मार्च १९५८

भाई लटारू,

कमान पडली त्याच दिवशी तू सायंकाळच्या गाडीनं गेला. मी तुले साऱ्या कॅम्पात पाह्यलं. कोनी म्हटलं, टेसनाकडं जाताना दिसला. मी वाईट नाई मानलं. तुझ्यानं पाहवलं नसन. सुकलूले तूच आनला होता.

त्याले काढाले पाऊन तास लागला. काढला तेव्हा तो गेला होता. डोक्याले लागलं नव्हतं, छातीवर वजन आलं होतं. चेहरा साबूत होता. त्याच्या जातीचे चार मजूर कॅम्पात होते. त्यांनी नदीकाठी, बेहड्याच्या झाडापाशी त्याले मातीत ठेवलं. मी खड्ड्याजवळ उभा होतो. कोनी मले जा म्हटलं नाई अन् ये म्हटलं नाई.

आता चौकशी आहे. वीस तारखेले चांद्याच्या कचेरीत बोलावलं आहे. तू ये. काय सांगाचं ते मी रोज मनात घोकतो, तुलेही लिहून ठेवतो.

बाराव्या खनाचं काँक्रीट गुरुवारी भरलं. सिमेंट जुनं होतं, पोत्यात गोटे झाले होते, ते फोडून वापरलं. मी बांधकामाच्या साहेबाले तेव्हाच म्हटलं, ह्याले चवदा दिवस द्या. बुधवारी साहेब आले. सहावा दिवस होता. म्हटले, "मिस्त्री, साचा सरकवा." मी म्हटलं, "साहेब, कच्चं आहे." ते म्हटले, "कोळसा ठेवायला जागा नाही. तुमच्यानं होत नसेल तर दुसरा मिस्त्री आहे." तू माझ्या बाजूलेच उभा होता. मंग मी इकडला हातोडा उचलला, तू तिकडला उचलला, अन् सुकलू फळ्या धराले आत गेला. वरून मजूर कोळशाखालच्या थरासाठी कमानीवर मातीच्या टोपल्या टाकतच होते.

बस, इतकंच. जे आयकलं ते सांगाचं. त्या वक्ती आपन तिघंच तिथी होतो, अन् साहेब. तिघातले दोघं उरलो.

तुझा
इब्राहीम

*

पोंभुर्ण्याजवळून
१४ मार्च १९५८

इब्राहीमभाऊले रामराम.

पत्र भेटलं. मले आठ दिवसापासून थंडीताप आहे. एक दिवस आड येते. अंगात उभं राह्याचंही बळ नाई. वीस तारखेले येनं होत नाई.

तुमी सांगाल ते खरंच आहे. तुमच्या शब्दावर कोन नाई म्हनन? तुमाले सारा जिल्हा ओळखते.

रंभाचे दिवस भरत आले आहेत. मले जास्त लिहिता येत नाई.

लटारू

*

चांदा
२८ मार्च १९५८

भाई लटारू,

नवाब बांगडीवाला पोंभुर्ण्याच्या बाजाराले येऊन राह्यला, त्याच्या हाती कुनैनच्या गोळ्या धाडल्या आहेत. जेवल्यावर घे. कडू लागतेत म्हून फेकू नको. कनीजनं रंभासाठी मेथीचे लाडू देल्ले आहेत.

चौकशी झाली. साहेब म्हटले, मी हुकूम देल्लाच नाई, मिस्त्रीनं आपल्या मनानं साचा काढला. मी म्हटलं, लटारूले विचारा. तर ते म्हटले, एका मजुराचा जबाब आमच्यापाशी आहे, तोही हेच सांगते. मले तो वाचून नाई दाखवला. आता माझ्यावर निष्काळजीपनाचा खटला लागला. सहा मेले कोर्टात तारीख आहे.

जबाब कोनाचा असन, ह्याचा मी फार विचार केला. पत्रू असन असं वाटते. तो वर माती टाकत होता, अन् आता त्याले कॅम्पात चौकीदारी लावून देल्ली. दहा वर्षं माझ्या घरी ईदले जेवलेला मानूस. परवा तो रस्त्यात सलाम कराले आला, मी तोंड फिरवलं.

सहा मेपर्यंत तू बरा होशीन. तू आला का सारं साफ होईन. माझं कामाचं सोड, ते तर गेलंच. चांद्यात आता कोनी मले खिडकीची चौकटही बनवाले देत नाई. मगर नजमाच्या शाळेत पोरी तिले विचारतेत, तुझ्या बापानं मानूस मारला काय?

तुझा
इब्राहीम

*

पोंभुर्ण्याजवळून
२५ एप्रिल १९५८

इब्राहीमभाऊले रामराम.

गोळ्या पोचल्या. लाडू पोचले. रंभाले पोरगी झाली. दोघी ठीक आहेत.

पत्रूवर शक घेऊ नका. तो भला मानूस आहे, असं करनार नाई. त्याच्याशी बोला.

ताप अजून उलटून येते. तारखेचं पाह्यतो.

लटारू

*

चांदा
११ मे १९५८

लटारूकाका यांना नजमाचा सलाम.

अब्बांच्या वतीने मी लिहीत आहे, कारण ते आता घरी नाहीत. सहा तारखेला कोर्टाने त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा दिली. ते इथेच, किल्ल्याजवळच्या जेलमध्ये आहेत.

मी आणि अम्मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. तुमचा जबाब तिथे वाचून दाखवला. खाली तुमची सही होती. 'मी त्या वेळी पाणी आणायला टाकीवर गेलो होतो. साहेब तिथे नव्हते. मिस्त्रीने स्वतःच्या मनाने पाचरी काढल्या,' असे त्यात लिहिले होते. वाचणारा कारकून तुमचे नाव नीट उच्चारत नव्हता, म्हणून अम्मीला आधी कळलेच नाही की ते तुम्ही आहात. अब्बांना कळले. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मग आमच्या वकिलांनी त्यांच्याजवळ येऊन विचारले, "ह्या माणसाला समन्स काढून बोलावू का? उलटतपासणीत पाच मिनिटे टिकणार नाही." अब्बा म्हणाले, "नको. त्याला ताप आहे."

न्यायाधीशांनी विचारले, पाचर तुम्ही स्वतःच्या हाताने काढली का? अब्बा "हो" म्हणाले. साहेबांच्या हुकमाचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

काल भेटीच्या दिवशी आम्ही गेलो होतो. त्यांनी मला सांगितले की लटारूला पत्र लिही, आणि ताप उतरला का ते विचार. म्हणून विचारते. तुमचा ताप उतरला का?

अम्मी म्हणते की हे पत्र लिहू नको. पण अब्बांनी सांगितले, म्हणून लिहिले.

नजमा

*

पोंभुर्ण्याजवळून
२ ऑगस्ट १९५८

इब्राहीमभाऊ,

हे पत्र तुमी सुटून याल त्या दिवशी तुमाले भेटावं असा हिशेब करून टाकून राह्यलो. नजमाचं पत्र आलं तेव्हापासून लिहितो अन् फाडतो. धान रोवन्याच्या दिवसात बांधीच्या चिखलात उभा राह्यलो तरी डोक्यात हेच.

मले ताप नव्हता. एक दिवसही नव्हता. तुमच्या गोळ्या मी घेतल्या नाई. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्याले देल्ल्या.

मी गाडीत बसलो ते दुःखानं नाई बसलो. तुमी सारे मलबा काढत होते तेव्हा साहेबाच्या मुनशीनं मले टिनाच्या खोलीत बोलावलं. म्हटला, "हातोडे दोन होते. एक मिस्त्रीचा, दुसरा कोनाचा?" मी म्हटलं, माझा. तो म्हटला, "मंग दोघं जेलात जाल. नाईतर तू टाकीवर होता असं लिहून दे, अन् आजच गावी जा." कागद त्यानंच लिहिला. मी रंभाचं पोट पाह्यलं डोळ्यासमोर, अन् सही केली. बाहेरून तुमचा आवाज येत होता. तुमी मजुरांले म्हनत होते, हळू, फावडं लावू नका, हातानं काढा. तो आवाज आयकत मी माझं नाव लिहिलं. चौथीत शिकलेलं नाव.

तुमी मले तापात समजून गोळ्या धाडल्या, तेव्हाच सांगाचं होतं. मले वाटलं, तुमाले सारे ओळखतेत, तुमाले काई होनार नाई. हेही खोटंच. मले मालूम होतं का होईन.

मी चांद्याले येऊन साहेबापुढं सांगाले तयार आहो. तुमी म्हनाल त्या कचेरीत येतो. तुमच्या घरी येऊन तुमच्या अन् भाभीच्या पायावर डोकं ठेवतो. फक्त ये म्हना.

लटारू

*

चांदा
३० ऑगस्ट १९५८

लटारू,

तुझं पत्र भेटून वीस दिवस झाले. जवाब लिहाले बसलो का हात थांबे.

तुले काय वाटते, मी तुले कोर्टात वाचवलं? तसं मानू नको. त्या दिवशी तुझं नाव आयकलं अन् मले काईच सुचलं नाई. वकिलानं विचारलं तर तोंडातून तापाचंच निघालं, कारन दोन महिने मी तेच मानून बसलो होतो. मंग जेलात गेल्यावर मले फार राग आला. एक महिना मी तुझं नाव घेतलं नाई. आंगनात दगड फोडताना तुझा हातोडा आठवे, अन् माझा घाव चुके.

मगर तिथी दुसरं काई करासारखं नसते, मानूस विचारच करते. त्या न्यायाधीशानं एकच गोष्ट बरोबर विचारली. पाचर तू काढली का? साहेबानं हुकूम देल्ला, हे खरं. तू खोटं लिहिलं, हे खरं. मगर कमान कच्ची आहे हे त्या चौघांत कोनाले पक्कं मालूम होतं? साहेबाले नाई. त्यानं कधी सिमेंटाचा गोटा हातात धरला नाई. तुले थोडं. मले पूरं. 'दुसरा मिस्त्री आहे,' असं साहेब म्हटले, तेव्हा मी एक बिडी ओढली, आठवते तुले? ती संपेपर्यंत मी ठरवत होतो. हातोडा खाली ठेवून घरी जाता आलं असतं. मी ठेवला नाई. चाळीस वर्षं हातोडा चालवलेला मिस्त्री, मले वाटलं माझ्या जागी दुसरा कोनी उभा राहीन तर लोक काय म्हनतीन. त्या एवढ्यासाठी मी सुकलूले आत जा म्हटलं.

त्यानं कमानीखाली शिरताना फळीवर हात ठेवला होता. माझ्याकडं पाह्यलं. लाकूड समजनारा मानूस होता तो. त्याले समजलं असन. मी मान हलवली, म्हून तो गेला.

साहेबापुढं आता जाऊन काय सांगशीन? त्यांची बदली झाली. शिक्षा मी भोगून आलो. पत्रूच्या घरी मात्र मी जाऊन आलो. त्याची माफी मागितली. तो म्हटला, "मिस्त्री, तुमी तोंड फिरवलं तेव्हाच सांगाचं होतं मले का तो जबाब माझा नाई, पन म्हटलं, दुःखात आहेत." चौकीदारी त्यानं सोडली. आता आमी दोघं मिळून खाटांचे पाय बनवतो.

माझ्या घरी येऊ नको. कनीज दार उघडनार नाई, अन् मी तिले उघड म्हननार नाई.

तुले पायावर डोकं ठेवाचंच असन तर एक जागा आहे. सुकलूच्या मायपाशी आपल्यातलं कोनीच गेलं नाई. ना खानीचं, ना मी, ना तू. होळीचा निरोप तू धाडला होता. पुराचं पानी उतरलं का जा. तिले सांग, काय झालं अन् कोनी केलं. माझं नाव पहिलं सांग.

इब्राहीम

*

पोंभुर्ण्याजवळून
१४ डिसेंबर १९५८

इब्राहीमभाऊ,

जाऊन आलो. धान कापलं, अन् दुसऱ्या दिवशी निघालो. वैनगंगा नावेनं ओलांडली, गडचिरोलीहून धानोऱ्यापर्यंत बांबूच्या ट्रकवर बसून गेलो. तिथून पायदळ. धानोऱ्याच्या डेपोत लालसू नावाचा मानूस भेटला. त्याले गोंडी अन् मराठी दोन्ही येते, अन् सुकलूच्या गावचाच निघाला. तो संगं आला. दोन दिवस लागले.

बुढी आंगनात कुटकीचे दाने पाखडत होती. लहान चनीची आहे, सुकलूसारखीच. लेक गेल्याचं तिले उन्हाळ्यातच समजलं होतं, कोनी मजूर सांगून गेला होता. कसा गेला ते मालूम नव्हतं. तिले वाटत होतं खानीत गेला, जमिनीच्या आत.

मी सांगितलं का जमिनीच्या आत नाई. कोळशासाठी कमान बांधून राह्यलो होतो, ती पडली. मंग सारं सांगितलं. तुमचं नाव पहिलं नाई घेतलं, भाऊ. माझं घेतलं. निरोप मी धाडला होता, तिच्या दारातून त्याले मी काढला होता. मंग हातोडे सांगितले, तुमचा अन् माझा. सहीचंही सांगितलं. लालसू एक एक वाक्य गोंडीत सांगे अन् थांबे. ती पाखडनं थांबवत नव्हती. मले वाटे, आयकते का नाई.

सारं झाल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, त्याले कुठी ठेवला? मी म्हटलं, नदीच्या काठी, झाड आहे, त्याच्याच मानसांनी ठेवला. तिनं मान हलवली.

दुसरी लालसूनं मले मराठीत सांगितली. "ती इचारते, तो जेवला होता का?"

भाऊ, तुमाले मालूम आहे. साहेब अकराले आले होते. जेवनाची सुट्टी बाराले. सुकलूचं भाताचं गाठोडं टेकूच्या खिळ्याले टांगलेलं होतं. मी म्हटलं, "नाई." ठरवून आलो होतो का आता एकही खोटा शब्द बोलाचा नाई.

लालसू माझ्याकडं पाह्यत राह्यला. मंग तिच्याकडं वळून तो बोलला. मी एकच शब्द म्हटला होता, त्यानं गंज लांब सांगितलं. हातानं दाखवलं, मोठा गोळा भाताचा, अन् वरून काई, मिरची असन का मासळी. बुढी आयकत होती. तिच्या तोंडावर जे आलं त्याले मी हसू म्हननार नाई, मगर ती इतका वेळ खांदे आवळून बसली होती ते सैल झाले. मले गोंडी येत नाई, तरी मले समजलं का त्यानं काय सांगितलं. मी तोंड उघडलं नाई.

मंग ती घरात गेली अन् आमा दोघांसाठी जावा, म्हंजे कुटकीची पातळ पेज, घेऊन आली, पानाच्या दोन्यात. मले घेववत नव्हतं. लालसू म्हटला, "पे. नाई पेला तर तिच्या मनाले लागन." मी पेलो.

परत येताना मी त्याले विचारलं, "तू तिले काय सांगितलं?" तो म्हटला, "तुझं तू सांगितलं. तिचं मी सांगितलं."

निघताना ती लालसूले काई म्हटली. तिले ती जागा पाह्याची आहे. वय फार आहे, पाय सुजतेत, मगर ती येईन म्हनते. फेब्रुवारीत मी तिले आनाले जातो. बैलगाडी मी पाह्यली आहे, धानोऱ्यापर्यंत लालसूची अन् तिथून पुढं माझी. चांद्यात तुमच्या दारावर मी येनार नाई, तुमी म्हटलं ते ध्यानात आहे. तिले घेऊन सरळ नदीवर जाईन.

फक्त एक आहे. मी त्या दिवशी थांबलो नाई. त्याले मातीत ठेवताना तुमी उभे होते, मी गाडीत होतो. काठावर बेहड्याची झाडं पन्नास असतीन. त्याची जागा मले मालूम नाई, अन् तिले दुसऱ्याच जागेपाशी बसवनं माझ्यानं होनार नाई.

दाखवाले तुमी याल काय?

लटारू